वंशवृक्षाला स्मृतिपृष्ठ जोडताना

पुण्याजवळच्या मुठा खोऱ्यातलं कुठलंही घर घ्या, त्याची माणसं आज एका गावात नाहीत. कुणाचे आजोबा मुंबईला गिरणीत लागले, कुणाचे तिथे डबेवाले झाले, कुणी पलटणीत भरती झालं, पुढची पिढी पुण्यात आली आणि तिच्यातली काही मुलं परदेशात स्थिरावली. यांपैकी एखादी नात रविवारी बसून इंटरनेटवर वंशवृक्ष मांडायला घेते. चार पिढ्या भरून होतात आणि पडद्यावर सूचना झळकते: या नावाच्या व्यक्तीचं स्मृतिपृष्ठ सापडलं आहे, जोडायचं का? बटण एकच असतं. ते दाबण्याआधी काय तपासायचं आणि दाबल्यावर काय करायचं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या. फॅमिलीसर्च, विकीट्री, जेनी ही वंशवृक्षाची स्थळं आहेत. तिथे माणूस नात्यांनी ओळखला जातो: कुणाचा मुलगा, कुणाची बायको, कुणाची आई. फाइंड अ ग्रेव्ह हे स्मृतिपृष्ठांचं स्थळ. ते १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि तिथे माणूस ओळखला जातो तो त्याच्या अखेरच्या जागेवरून. प्रत्येक पृष्ठाला स्वतःचा क्रमांक असतो. फॅमिलीसर्चवरही प्रत्येक व्यक्तीला अक्षरं आणि अंक मिळून एक ओळखक्रमांक असतो. जोडणी म्हणजे हे दोन क्रमांक एकमेकांच्या पानावर नोंदवणं. काम एवढंच आहे. अवघड आहे ते दोन्हीकडचा माणूस एकच आहे याची खात्री करणं, आणि आपल्याकडे ते जास्तच अवघड आहे.

याचं कारण सरळ आहे. ही स्मृतिपृष्ठं ज्या समाजांनी आधी बनवली, त्यांच्याकडे थडग्यावर दगड असतो, दगडावर नाव आणि दोन तारखा असतात. मुठ्यातल्या बहुतेक घरांत दहन होतं, अस्थी आळंदीला, नाशिकला, पंढरपूरला किंवा गावच्याच नदीत जातात आणि नाव कोरलेलं काही मागे उरत नाही. म्हणून पुष्कळ जण समजतात की ही सोय आपल्यासाठी नाहीच. ते बरोबर नाही. फाइंड अ ग्रेव्हवर दफनभूमी नसलेल्यांसाठी आणि दहन झालेल्यांसाठी वेगळा पर्याय आहे. तो निवडा आणि तपशिलात दहन कुठे झालं, अस्थी कुठे विसर्जित केल्या, हे साध्या शब्दांत लिहा. मराठी बोलणाऱ्यांत दफन करणारे समाजही आहेत: लिंगायत, ख्रिस्ती, मुसलमान, आणि ज्यांच्या कोकणातल्या थडग्यांवर मराठी अक्षरं कोरलेली सापडतात ते बेने इस्रायल. त्यांच्यासाठी दगडाचा फोटो हाच पुरावा ठरतो. आपल्याला मात्र पुरावा दुसरीकडून आणावा लागतो.

तो घरातच असतो, आणि पहिला पुरावा म्हणजे श्राद्धाची तिथी. आजीला पणजोबांच्या मृत्यूची तारीख विचाराल तर ती सांगू शकणार नाही, पण पितृपक्षात त्यांचं पान कोणत्या दिवशी घालतात ते ती चटकन सांगेल. ही तिथी मोलाची आहे, फक्त ती वाचायला हवी. पितृपक्षातल्या तिथीवरून मृत्यूची तिथी कळते, महिना कळत नाही. षष्ठीला पान घालतात याचा अर्थ माणूस कोणत्या तरी महिन्याच्या, शुद्ध किंवा वद्य, षष्ठीला गेला. महिना हवा असेल तर वर्षश्राद्ध कधी होतं ते विचारा. काही तिथी तर मृत्यूची तिथी सांगतच नाहीत. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात, मग ती कोणत्याही तिथीला गेलेली असो. अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला होतं. आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही, त्यांचं सर्वपित्री अमावास्येला. म्हणून पणजीबद्दल विचारल्यावर आजी ‘नवमी’ म्हणाली की वंशवृक्षात तारीख न भरता टिपणात लिहा: सवाष्ण गेल्या. ही माहितीसुद्धा थोडी नाही. पणजोबा त्या वेळी हयात होते, हे त्यातून पक्कं झालं.

साल शोधताना माणसं शके सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. प्लेगात गेले. इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेले. पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी. कोयनेच्या भूकंपाच्या वेळी मी पाळण्यात होतो. बहात्तरच्या दुष्काळात. यातल्या प्रत्येक खुणेला साल आहे: पुण्यातला प्लेग १८९७, इन्फ्लुएन्झा १९१८, पानशेतचा पूर १२ जुलै १९६१, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. एक सावधगिरी बाळगा. प्लेग पुढेही अनेक वर्षं येत राहिला, त्यामुळे ‘प्लेगात’ एवढ्यावरून १८९७ लिहू नका, ‘सुमारे’ लिहा. जुन्या कागदावर शके असेल तर त्यात ७८ मिळवा. मात्र शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून माघ-फाल्गुनातल्या घटनेला ७९ मिळवावे लागतात, आणि पौषातली असेल तर जानेवारी लागला होता का ते पंचांगात पाहावं लागतं. शके १८४० चा कार्तिक म्हणजे १९१८, पण त्याच शकाचा फाल्गुन १९१९ मध्ये येतो. त्या वर्षी अधिक मास होता का, तेही जुन्या पंचांगात बघा.

दुसरा पुरावा तलाठ्याच्या दप्तरातला. जमीन असलेल्या घरासाठी वारसाच्या फेरफाराइतका चांगला कागद नाही. खातेदार वारला की फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, नोंद पडते. अमुक हे अमुक तारखेस मयत झाले, त्यांना वारस असे: मुलगा अमुक, वय इतकं, मुलगी अमुक, लग्न झालेली, विधवा पत्नी अमुक. एका नोंदीत दोन पिढ्या, मृत्यूची तारीख आणि नाती मिळतात. अनेक जिल्ह्यांतले जुने फेरफार महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन होऊन आले आहेत, आपल्या जिल्ह्याचे आहेत का ते तिथे पाहा. गाव आणि फेरफार क्रमांक माहीत असेल तर घरी बसून नक्कल मिळते. क्रमांक सातबाऱ्यावरच असतो, नावांच्या शेजारी कंसात किंवा वर्तुळात.

सातबारा वाचताना ‘इतर हक्क’ हा रकाना सोडू नका. कितीतरी घरांत बहिणींची नावं मुख्य रकान्यात न येता तिथे लागलेली असतात. वंशावळीत मुली नसतात आणि सातबाऱ्याच्या त्या रकान्यात मात्र त्या असतात. कुठे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं दिसेल. तिथलं नाव एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचं, म्हणजे कर्त्याचं असतं. तो माणूस एकटाच मुलगा होता, असा अर्थ त्यातून काढू नका. त्याचे भाऊ दुसऱ्या फेरफारात सापडतील.

याखेरीज शाळेचं जनरल रजिस्टर आहे, ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही आहे, आणि तिच्याही आधीचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा. हे बहुधा मोडीत असतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभर ही जुनी पानं बाहेर काढून तपासली गेली, आणि अनेक जिल्हा प्रशासनांनी ती स्कॅन करून संकेतस्थळांवर ठेवली. तो शोध जातीच्या दाखल्यासाठी होता, पण आपल्याला त्याच पानांवरून पणजोबांचा मृत्यू किंवा आजीचा जन्म मिळू शकतो. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने वाचू नका. तीर्थोपाध्यायांच्या वह्या त्याहून जुन्या असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी इथे गाव आणि आडनाव सांगितलं की आपल्या घराची वही निघते आणि तिच्यात पूर्वजाने स्वतःच्या हाताने केलेली नोंद असू शकते. हरिद्वारच्या अशा वह्यांचं सूक्ष्मचित्रण फॅमिलीसर्चच्या मूळ संस्थेने गेल्या शतकातच केलेलं आहे. नाशिकची वही मात्र गुरुजींच्या घरीच बघावी लागते. फोटो काढण्याआधी त्यांना विचारा. ती वही त्यांची उपजीविका आहे.

आता जुळवणीकडे येऊ. वंशवृक्षातला धोंडिबा आणि स्मृतिपृष्ठावरचा धोंडिबा एकच आहे हे कसं ठरवायचं? आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव देतात. त्यामुळे ‘धोंडिबा सखाराम’ आणि ‘सखाराम धोंडिबा’ अशी नावं एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या आलटूनपालटून येतात, आणि चुलत घरातही तीच असतात. नुसतं नाव आणि आडनाव जुळलं म्हणून जोडू नये. वडिलांचं नाव, गाव आणि तिसरी एखादी गोष्ट, म्हणजे बायकोचं नाव, मृत्यूचं साल किंवा भावाचं नाव, अशा तीन गोष्टी जुळल्या तरच जोडा. दोन जुळत असतील तर दोन्ही पानांवर ‘बहुधा हेच’ असं टिपण टाका आणि थांबा. चुकीची जोडणी एका घरापुरती राहत नाही. फॅमिलीसर्चचा वृक्ष सर्वांचा एकच आहे, त्यामुळे तुमच्या चुकीवर कुणाचा तरी चुलतभाऊ उद्या पुढच्या तीन पिढ्या उभारेल.

बायकांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा होतो. वंशवृक्षाच्या स्थळांवर रिवाज असा आहे की बाईचं नाव माहेरच्या आडनावाने लिहायचं. स्मृतिपृष्ठ मात्र सासरच्या नावाने असतं. त्यात लग्नात नाव बदललेलं असेल तर दोन्हीकडे दोन वेगळ्या बायका दिसतात आणि यंत्र बहुधा सूचना देत नाही. हे काम हातानेच करावं लागतं. वृक्षावर तिचं माहेरचं नाव मुख्य ठेवा आणि सासरचं ‘अन्य नाव’ म्हणून द्या. स्मृतिपृष्ठावर माहेरच्या आडनावाचा वेगळा रकाना आहे, तो रिकामा सोडू नका. नाव रोमन लिपीत लिहा आणि देवनागरीतही लिहा, कारण रोमनमध्ये एकाच आडनावाची चार स्पेलिंगं होतात.

गावाचं नाव लिहितानाही विचार करा. मुठा हे गावाचं नाव, नदीचंही, आणि जुन्या कागदांत आख्खं खोरं ‘मुठे खोरे’ म्हणून येतं. मुठा गाव आज मुळशी तालुक्यात आहे, पण इंग्रजी राजवटीत मुळशी हा स्वतंत्र तालुका नव्हता. मुळशी पेटा हवेली तालुक्याखाली होता. त्यामुळे पणजोबांच्या कागदावर ‘हवेली’ दिसलं म्हणजे माणूस दुसऱ्याच गावचा, असं नाही. शेजारच्या मुळा खोऱ्यात तर काही गावंच उरली नाहीत. १६ एप्रिल १९२१ रोजी सेनापती बापटांच्या साथीने मावळ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला, ते मुळशीचं धरण बांधलं गेलंच आणि गावं पाण्याखाली गेली. अशा घराने ठिकाणाच्या रकान्यात आजची वसाहत लिहू नये. बुडालेल्या गावाचं नाव लिहावं आणि पुढे ‘आता मुळशी जलाशयाखाली’ असं टिपण द्यावं. ते नाव नोंदवून ठेवण्याची जागा आता हीच आहे.

पलटणीत गेलेल्या माणसांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला वाटतं या खोऱ्यातल्या घरांनी सुरुवात तिथूनच करावी. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी कुतच्या वेढ्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथली फौज शरण गेली आणि पुष्कळ शिपाई कैदेत मेले. ज्यांची कबर ठाऊक नाही, त्यांच्यासाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्या भिंतीवर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी पलटणींच्या साध्या शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीगणिक नुसता आकडा लिहिला. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने अशा विषमतेची कबुली २०२१ च्या आपल्या अहवालात दिली आहे. दगडावर नसलेली ती नावं आज कमिशनच्या संकेतस्थळावर मात्र आहेत, एकेका शिपायाच्या स्वतंत्र पानावर.

त्या पानाचा शोध विनामूल्य आहे. देश, पलटण आणि स्मारकाचं नाव टाकून आडनाव शोधा. पानावर नाव, हुद्दा, शिपाई क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारकावरची पट्टी दिसते. खाली ‘अधिक माहिती’ असा रकाना असतो. अनेक नोंदींत तिथेच वडिलांचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका आणि पुणे जिल्हा लिहिलेला असतो. गावाचं स्पेलिंग त्या काळच्या कारकुनाने कानाला वाटलं तसं लिहिलं आहे, म्हणून ते मोठ्याने वाचून पाहा, कान ओळखतो. आमच्या घरातून कुणीतरी लढाईला गेलं आणि परत आलंच नाही, एवढंच ज्या घरात ठाऊक आहे, त्या घराला इथे तारीख मिळू शकते. असं पान सापडलं तर त्याचा पत्ता वृक्षावर त्या व्यक्तीच्या ‘स्रोत’ विभागात घाला, शिपाई क्रमांकासह. दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायांचीही अशीच पानं आहेत. नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे.

आता प्रत्यक्ष जोडणी. फॅमिलीसर्चवर व्यक्तीचं पान उघडा, ‘स्रोत’ विभागात नवा स्रोत जोडा, स्मृतिपृष्ठाचा पत्ता टाका आणि ही तीच व्यक्ती असं का वाटलं ते दोन ओळींत लिहा. कारणाच्या या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या आहेत, आणि बहुतेक लोक त्याच गाळतात. पत्ता शोधाच्या निकालाचा नको, स्मृतिपृष्ठाच्या क्रमांकाचा असू द्या. विकीट्रीवर फाइंड अ ग्रेव्हसाठी तयार साचा आहे, त्यात क्रमांक भरला की दुवा होतो. मग उलट दिशेने, स्मृतिपृष्ठाच्या परिचयात वृक्षावरचा ओळखक्रमांक लिहा. आई-वडील, नवरा-बायको यांची स्मृतिपृष्ठं असतील तर तीही क्रमांकाने एकमेकांना जोडता येतात. नवं पृष्ठ करण्यापूर्वी आधीचं आहे का ते सगळ्या स्पेलिंगांनी शोधा. परक्याने बनवलेलं पृष्ठ दिसलं तर भांडू नका. दुरुस्ती सुचवायची सोय आहे, आणि जवळच्या नातलगाला पृष्ठाचा ताबाही मागता येतो.

फॅमिलीसर्च विनामूल्य आहे, पण ते अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचं आहे, आणि त्या पंथात आपल्या दिवंगत पूर्वजांच्या वतीने धार्मिक विधी करण्याची प्रथा आहे. हे ज्यांना रुचत नसेल त्यांनी विकीट्री वापरावं. निर्णय घरात बोलून घ्या.

मुठे खोऱ्याची देशमुखी शिवकाळात मारणे घराण्याकडे होती. हे आडनाव आज शेकडो घरांचं आहे, आणि आपली ओळ थेट त्या देशमुखांशी नेऊन भिडवण्याचा मोह होतो. मधल्या पिढ्यांचे कागद नसतील तर भिडवू नका. पुणे पुराभिलेखागारात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात खोऱ्यातले महजर, म्हणजे निवाडपत्रं, आणि करिने, म्हणजे घराण्यांच्या हकिकती, शोधता येतात. सापडेपर्यंत तेवढी जागा मोकळी ठेवा. देवळाजवळच्या वीरगळाचंही तेच. वीरगळावर बहुधा नाव नसतं. त्याचा फोटो गावाच्या माहितीत जरूर द्या, आपल्या पूर्वजाचं स्मारक म्हणून लावू नका.

हयात माणसांबद्दल काही टाकू नका. वृक्षाची स्थळं जिवंत व्यक्ती लपवतात, पण स्मृतिपृष्ठाच्या परिचयात ‘मागे दोन मुलं, सुना, नातवंडं’ असं नावानिशी लिहिलं की ते जगाला दिसतं. आईचं माहेरचं आडनाव आजही बँका ओळख पटवायला विचारतात, म्हणून हयात बायकांचं ते कुठेही उघड करू नका. फेरफाराची नक्कल जशीच्या तशी चढवू नका. गाव, फेरफार क्रमांक आणि तारीख एवढं पुरे. या खोऱ्यात जमिनीला काय भाव आला आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि भाऊबंदकीत असा कागद कुणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. इंटरनेटवरचा वंशवृक्ष हा वारसाचा पुरावा नव्हे, जातपडताळणीचाही नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. मात्र वृक्षात मुलींना गाळायचं नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि भांडण होईल या भीतीने तिचं नाव वृक्षातून वगळणं हे मृतांवर आणि जिवंतांवर अन्याय करणं आहे.

शेवटी जतन. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं आणि कित्येक घरांचे फोटो गेले. कोणतंही स्थळ कायमचं नसतं. जोडणी झाली की स्मृतिपृष्ठ इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा, जिथे सोय आहे तिथे वृक्षाची जेडकॉम फाइल उतरवून घ्या, आणि एक छापील प्रत गावच्या घरी ठेवा.

येत्या पितृपक्षात सगळं घर एकत्र येईल तेव्हा एकाच माणसाची नोंद पुरी करा. तिथी, फेरफार, फोटो, दोन्ही क्रमांक, कारणाच्या दोन ओळी. आणि त्याआधी थोरल्या आत्याला फोन करा. माहेर-सासर दोन्हीकडची नावं तिच्याइतकी कुणालाही पाठ नसतात, आणि तिला अजून कुणी विचारलेलं नसतं.